प्लंबर व्हायचंय? आयटीआय, उस्ताद की लायसन्स : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नळकाम आणि ड्रेनेजच्या धंद्यात येऊ पाहणारी मुलं, त्यांचे पालक आणि वर्षानुवर्षं पाना फिरवूनही हातात कागद नसलेले मेस्त्री हेच प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात. मी स्वतः आयटीआय केलं, मग साईटवर हेल्परी केली आणि बऱ्याच उशिरा महापालिकेचा परवाना काढला. त्यामुळे उत्तरांत माझी मतंही डोकावतील. एक उत्तर दुसऱ्याला जोडलेलं असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. प्लंबरचं काम करायला लायसन्स लागतंच का?

प्रत्येक कामाला नाही. गळका नळ बदलणं, बेसिन बसवणं, टाकीचा बॉलकॉक बदलणं, तुंबलेला नॅनी ट्रॅप (मोरीतली पाणी जायची जाळीखालची वाटी) मोकळा करणं, यासाठी लायसन्स कोणी विचारत नाही. तुमचं काम सार्वजनिक जलवाहिनीला किंवा मलवाहिनीला जाऊन मिळतं, तिथे लायसन्सचा प्रश्न सुरू होतो. नवी नळजोडणी घेणं, जोडणीचा व्यास वाढवणं, इमारतीची ड्रेनेज लाइन पालिकेच्या चेंबरला जोडणं अशा कामांच्या अर्जावर महापालिका परवानाधारक प्लंबरची सही मागते. मुंबईला १८८८ चा महापालिका कायदा लागू आहे, राज्यातल्या इतर महापालिकांना १९४९ चा. प्लंबरला परवाना देण्याची तरतूद या दोन्ही कायद्यांत आहे.

२. माझ्याकडे सर्टिफिकेट आहे. म्हणजे लायसन्स झालंच ना?

नाही. सर्वांत जास्त गोंधळ याच एका गोष्टीवर होतो. सर्टिफिकेट सांगतं की तुम्हाला काम येतं. ते आयटीआय देते किंवा एखादी कौशल्य परिषद (प्रश्न ७) देते आणि ते देशभर चालतं. परवाना सांगतो की अमुक हद्दीतल्या कामाची जबाबदारी तुमच्यावर आहे. तो स्थानिक संस्था देते, ठरावीक मुदतीसाठी देते आणि काढूनही घेऊ शकते.

विजेच्या कामाशी तुलना केली की फरक चटकन कळतो. तिथे वायरमन आणि ठेकेदार यांना राज्य पातळीवरून अनुज्ञप्ती मिळते आणि ती राज्यभर चालते. प्लंबरसाठी महाराष्ट्रात असा सगळीकडे चालणारा एकच परवाना नाही. म्हणून कोर्स निवडण्याआधी एक फेरी आपल्या पालिकेच्या पाणीपुरवठा विभागात मारा आणि परवान्यासाठी कोणतं शिक्षण धरतात ते विचारा. बहुतेक जण ही फेरी पाच वर्षांनी मारतात. मीही त्यातलाच.

३. शिकायचे मार्ग कोणते आणि त्यातला चांगला कोणता?

ढोबळमानाने चार आहेत.

पहिला आयटीआयचा प्लंबर ट्रेड. एक वर्षाचा, पूर्ण वेळ. शेवटी अखिल भारतीय परीक्षा होते आणि राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र मिळतं. सरकारी आयटीआयची फी खासगीच्या मानाने अगदी कमी असते. सरकारी किंवा निमसरकारी कार्यालयाला कागद दाखवायचा असेल तर सर्वांत वजन याच प्रमाणपत्राला आहे.

दुसरा काही महिन्यांचा कौशल्य कोर्स. यात प्रधानमंत्री कौशल विकास योजनेतली केंद्रं येतात. जन शिक्षण संस्थान हाही याच वर्गातला आणि बराच जुना मार्ग. याचं मूळ रूप म्हणजे श्रमिक विद्यापीठ, आणि देशातलं पहिलं श्रमिक विद्यापीठ १९६७ मध्ये मुंबईत वरळीला सुरू झालं. कमी शिकलेल्या माणसासाठी हे दार अजून उघडं आहे.

तिसरा शिकाऊ उमेदवारी, म्हणजे अप्रेंटिसशिप. त्याबद्दल प्रश्न ६ मध्ये.

चौथा उस्तादाच्या हाताखाली. यात फी नाही, उलट पहिल्या दिवसापासून हजेरी मिळते. हात सर्वांत लवकर इथेच बसतो. पण तीन वर्षांनी जवळ कागदाचा एक चिटोराही नसतो आणि उस्तादाच्या चुकाही तुमच्याच होऊन जातात.

माझं मत विचाराल तर वय वीसच्या आत असेल आणि घरची परिस्थिती एक वर्ष थांबू देत असेल, तर आयटीआय करा आणि रविवारी-सुटीला उस्तादाबरोबर जा. घर चालवायची जबाबदारी आधीच अंगावर असेल तर उस्तादाकडेच शिका, पण प्रश्न ७ वाचून ठेवा.

४. मी दहावी नापास आहे. आयटीआयला घेतील का?

घेतील. दहावी नापासांनाही प्रवेश देणारे जे मोजके ट्रेड आहेत, त्यांत वेल्डर, सुतार, वायरमन यांच्याबरोबर प्लंबर आहे. वय किमान १४ पूर्ण हवं. अर्ज व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालयाच्या केंद्रीय ऑनलाइन प्रक्रियेतून भरायचा. दहावीचा निकाल लागला की ही प्रक्रिया सुरू होते. तारीख चुकली की वर्ष गेलं, म्हणून मे महिन्यापासूनच जवळच्या आयटीआयच्या फलकावर लक्ष ठेवा.

राहिलेल्या विषयांची परीक्षा मात्र देऊन टाका. काही पालिका परवान्याला दहावी मागतात, आणि परदेशी जायचं झालं तर दहावीचा थेट उपयोग आहे (प्रश्न १६).

५. आयटीआयमध्ये खरं काम शिकवतात का, की नुसती थिअरी?

दोन्ही. आणि खरं सांगायचं तर ज्या थिअरीला मुलं कंटाळतात, तीच साईटवर मिळत नाही.

एक उदाहरण देतो. ड्रेनेज लाइनला ढाळ किती द्यायचा? बहुतेक मेस्त्री 'जेवढा जास्त तेवढा बरा' म्हणतात. जुना ठोकताळा असा आहे : पाइपचा व्यास इंचात घ्या आणि दहाने गुणा. चार इंची पाइपला ४० फुटांत एक फूट, सहा इंचीला ६० फुटांत एक फूट. यापेक्षा फारच जास्त ढाळ दिला तर पाणी पुढे पळतं, मैला मागे राहतो आणि लाइन चोंदते. 'एवढा उतार देऊनही तुंबतंय' ही तक्रार घेऊन येणाऱ्यांच्या घरी मी लेव्हल ट्यूब (पातळी बघायची, पाणी भरलेली पारदर्शक नळी) लावतो, तेव्हा बरेचदा हेच निघतं.

तसंच ट्रॅपमधल्या, म्हणजे वास अडवायला पाणी धरून ठेवणाऱ्या वाकड्या भागातल्या पाण्याचं. ५० मिलिमीटर पाण्याचा अडसर का ठेवायचा, व्हेंट पाइप (लाइनमध्ये हवा खेळती ठेवणारा पाइप) नसेल तर तो कसा ओढला जातो आणि मग बाथरूममध्ये वास का येतो, हे आयटीआयत फळ्यावर समजावतात. गरम पाण्याच्या लाइनला सीपीव्हीसी (उष्णता सोसणारा प्लास्टिक पाइप) हाच का, साधा यूपीव्हीसी (थंड पाण्याचा प्लास्टिक पाइप) का चालत नाही, हेही तिथेच कळतं. आटे पाडणं, जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी) पाइपची मापं, सॉल्व्हंट सिमेंट लावून किती वेळ हात लावायचा नाही, नकाशा वाचणं, प्रेशर टेस्ट हे सगळं अभ्यासक्रमात असतं.

जे तिथे येत नाही ते असं : राहत्या घरात फरशी न फोडता गळती शोधणं, गिऱ्हाइकाला अंदाजपत्रक देणं, पॉइंटवर दर ठरवणं आणि बिल्डरकडून पैसे वसूल करणं. शेवटचं तर उस्तादालाही धड जमलेलं नसतं.

६. अप्रेंटिसशिपमध्ये पैसे मिळतात का?

मिळतात. १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याखाली विद्यावेतन देणं बंधनकारक आहे. २०१९ च्या दुरुस्तीत ते शिक्षणानुसार महिना किमान ५,००० ते ९,००० रुपये ठरलं आणि आयटीआय झालेल्याला ७,००० च्या टप्प्यात धरलं. करार करताना त्या वेळी लागू असलेला दर बघून घ्या. ३० किंवा अधिक माणसं असलेल्या आस्थापनांना शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात. त्यामुळे मोठी हॉस्पिटलं, हॉटेलं, कारखाने आणि बांधकाम कंपन्या यांच्याकडे चौकशी करा. नोंदणी सरकारी अप्रेंटिसशिप पोर्टलवर होते.

कराराची ऑनलाइन नोंद झाली आहे ना, हे पहिल्याच आठवड्यात तपासा. नोंद नसेल तर तुम्ही शिकाऊ उमेदवार नाही, स्वस्तातले हेल्पर आहात. नोंद असेल तर शेवटी परीक्षा होऊन राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रमाणपत्र मिळतं, आणि अनुभवाचा पुरावा म्हणून ते भक्कम ठरतं.

७. मी बारा वर्षं काम करतोय, शाळा सातवी. आता या वयात आयटीआय करू का?

गरज नाही. तुमच्यासाठी आरपीएल, म्हणजे आधीच्या अनुभवाची मान्यता, हा मार्ग आहे. थोड्या दिवसांचं उजळणी-प्रशिक्षण होतं, मग परीक्षक तुमच्याकडून काम करून घेऊन मूल्यमापन करतात आणि पास झाल्यावर प्रमाणपत्र मिळतं. या क्षेत्राची कौशल्य परिषद म्हणजे वॉटर मॅनेजमेंट अँड प्लंबिंग स्किल कौन्सिल. पूर्वी तिचं नाव इंडियन प्लंबिंग स्किल्स कौन्सिल होतं, म्हणून जुन्या प्रमाणपत्रावर ते नाव दिसलं तर बिचकू नका.

या प्रमाणपत्राने कंपनीत, मोठ्या ठेकेदाराकडे, परदेशी भरतीत दार उघडतं. पालिकेच्या परवान्याला ते पुरेल की नाही, हे त्या पालिकेच्या नियमावर ठरतं. काही ठिकाणी आयटीआय किंवा स्थापत्य पदविकाच धरतात.

८. 'तीन महिन्यांत सरकारमान्य प्लंबर' अशी जाहिरात बघितली. पैसे भरू का?

आधी तीन गोष्टी विचारा. प्रमाणपत्रावर सही कोणाची असणार? अभ्यासक्रमाचा क्रमांक आणि पातळी काय? परीक्षा बाहेरचा परीक्षक घेणार का? राज्य कौशल्य मंडळ किंवा कौशल्य परिषद यांचं नाव असेल तर त्यांच्या संकेतस्थळावर केंद्राचं नाव शोधा. 'आयएसओ प्रमाणित संस्था' एवढंच उत्तर आलं तर निघून या. तो शिक्का संस्थेच्या कार्यालयीन व्यवस्थेबद्दल असतो, तुमच्या कोर्सच्या मान्यतेशी त्याचा संबंध नाही. आणि एक नजर वर्कशॉपकडे टाका : व्हाइस (पाइप धरायचा शिकंजा), डाय सेट (आटे पाडायचं हत्यार) आणि प्रेशर टेस्टचा, म्हणजे दाब देऊन गळती तपासायचा पंप नसेल, तर तिथे प्लंबिंग शिकवलं जात नाही.

९. महापालिकेचं लायसन्स काढायची पद्धत काय?

तपशील प्रत्येक पालिकेचा वेगळा, पण सांगाडा सारखाच. पाणीपुरवठा किंवा जल अभियंता विभागात अर्ज, शिक्षणाचं प्रमाणपत्र, अनुभवाचा दाखला, ओळख आणि पत्त्याचे पुरावे, परवाना शुल्क आणि अनामत रक्कम. काही ठिकाणी लेखी किंवा तोंडी परीक्षाही असते. पाणी आणि ड्रेनेज यांचे परवाने वेगळे आहेत की एकच, हे पहिल्याच भेटीत विचारून घ्या.

अडतं ते बहुतेक अनुभवाच्या दाखल्यापाशी. उस्तादाने काम दिलं, पैसे दिले, पण लिहून द्यायची वेळ आली की 'बघू' म्हणतो. म्हणून पहिल्या दिवसापासून कागद जमवा : ठेकेदाराच्या लेटरहेडवरचा दाखला, सोसायट्यांच्या वर्क ऑर्डर, खात्यात आलेले पैसे, स्वतः दिलेली बिलं. बांधकाम मंडळाच्या नोंदणीसाठी काढलेला ९० दिवसांचा दाखलाही (प्रश्न १५) याच फाइलला लावा.

आणि नूतनीकरण विसरू नका. मुदत संपलेल्या परवान्यावर सही केलेला अर्ज परत येतो आणि गिऱ्हाईक तुमच्या नावाने ओरडतं. माझ्यावर ही वेळ एकदा आली आहे. तेव्हापासून तारीख मोबाइलमध्ये नाही, देवघराशेजारच्या कॅलेंडरवर लिहितो.

१०. पुण्याचं लायसन्स पिंपरी-चिंचवडला चालेल का?

नाही. दोन वेगळ्या महापालिका, दोन वेगळे परवाने. ठाणे आणि मुंबईचंही तसंच. पाणी कोण पुरवतं तेही बघा. अंबरनाथ-बदलापूर आणि अमरावतीसारख्या ठिकाणी पाणी महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाचं आहे, तर औद्योगिक वसाहतींत एमआयडीसीचं. तिथे नळजोडणीची चौकशी पालिकेत करून उपयोग नाही. गोव्यात तर नगरपालिकेऐवजी राज्याच्या पाणीपुरवठा यंत्रणेकडे नोंदलेला प्लंबर लागतो. सिंधुदुर्गातली बरीच मुलं पेडणे-म्हापशाकडे कामाला जातात, त्यांनी हे ध्यानात ठेवावं. सर्टिफिकेट मात्र सगळीकडे तेच चालतं.

११. आमच्याकडे ग्रामपंचायत आहे. तिथे लायसन्स कोण देतं?

बहुतेक ग्रामपंचायतींत प्लंबरला परवाना देण्याची पद्धतच नाही. जोडणीचा अर्ज घरमालक ग्रामपंचायतीकडे करतो आणि पाणीपुरवठा कर्मचारी किंवा गावातला प्लंबर काम करतो. २०१९ मध्ये जल जीवन मिशन सुरू झाल्यापासून गावोगाव घरपोच नळ गेले आणि दुरुस्तीचं काम वाढलं. या योजनेत 'नल जल मित्र' म्हणून गावातल्या माणसांना प्लंबर, पंपचालक, वायरमन अशी मिश्र कामं शिकवण्याचा कार्यक्रम आहे. ग्रामसेवकाकडे चौकशी करा.

१२. मित्राच्या लायसन्सवर मी काम केलं तर चालतं का? महिन्याला थोडे पैसे देईन.

चालतं असं लोक म्हणतात. परवानाधारकाच्या देखरेखीखाली तुम्ही हाताने काम करणं गैर नाही. मोठी कामं अशीच होतात, परवानाधारक स्वतः सगळे आटे पाडत बसत नाही. पण त्याने साईट न बघता सही विकणं ही वेगळी गोष्ट. सांडपाण्याची लाइन पिण्याच्या लाइनला खेटून टाकली, पाइप फुटला, पाणी दूषित झालं, तर नोटीस सही करणाऱ्याला येते. परवाना निलंबित होतो, अनामत जाते. आणि तुम्ही? तुमचं नाव कुठल्याच कागदावर नसतं. म्हणजे पुढे स्वतःचा परवाना काढताना तो सगळा अनुभव शून्य धरला जातो.

१३. प्लंबरच्या लायसन्सवर गॅसची लाइन, फायरची लाइन, गीझर जोडता येतो का?

पाइप दिसायला सारखे, पण कायदे तीन. घरगुती पाइप गॅसच्या लाइनला गॅस कंपनीने नेमलेल्या माणसाशिवाय कोणीही हात लावायचा नाही. सोसायटीच्या हायड्रंट आणि स्प्रिंकलर यंत्रणेसाठी २००६ च्या महाराष्ट्र आग प्रतिबंधक कायद्याखाली परवानाप्राप्त एजन्सीच लागते. तिच्याकडे नोकरी करून तुम्ही हे काम करू शकता, स्वतःच्या नावावर नाही. गीझरचं पाण्याचं जोडकाम तुमचं, विजेचं वायरमनचं. 'एवढी वायर जोडून टाका ना दादा' असं गिऱ्हाईक हमखास म्हणतं. अर्थिंग नसलेल्या बाथरूममध्ये हा दादापणा जिवावर बेतू शकतो.

१४. सेप्टिक टँक तुंबली तर प्लंबरने आत उतरायचं का?

नाही. कितीही पैसे देऊ केले तरी नाही. टाकीतल्या वायूने माणूस एका श्वासात कोसळू शकतो आणि त्याला काढायला उतरलेला दुसराही जातो. हाताने मैला साफ करण्यास बंदी घालणारा कायदा २०१३ चा आहे. संरक्षक साधनांशिवाय माणसाला टाकीत किंवा गटारात उतरवणाऱ्याला पहिल्या गुन्ह्यातही दोन वर्षांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. म्हणजे हेल्परला 'उतर रे जरा' म्हणणारे तुम्ही स्वतःही त्यात येता. सक्शन गाडी बोलवा. बाहेरची लाइन, चेंबर आणि व्हेंट पाइप एवढंच तुमचं काम.

१५. विश्वकर्मा योजनेत प्लंबर येतो का? दुसरी कुठली योजना आहे?

पीएम विश्वकर्मा सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झाली. तिच्यात १८ पारंपरिक व्यवसाय आहेत. सुतार आहे, लोहार आहे, गवंडी आहे, प्लंबर नाही. गवंडी म्हणून अर्ज भरून देणारे एजंट भेटतील, त्यांच्या नादी लागू नका.

तुम्ही बांधकाम साईटवर काम करत असाल तर महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे नोंदणी होऊ शकते. वय १८ ते ६० आणि मागच्या वर्षात किमान ९० दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला लागतो. मुलांच्या शिक्षणाला मदत, अपघाती मृत्यू झाल्यास वारसांना मदत अशा योजना तिथे आहेत.

१६. गल्फला किंवा कॅनडाला जायचंय. कुठलं सर्टिफिकेट चालतं?

गल्फसाठी आयटीआय आणि अनुभव ही जोडी बरी. सौदी अरेबियाने काही कामांसाठी व्हिसाआधी कौशल्य पडताळणी परीक्षा लावली, आणि तिच्यात अगदी पहिल्या टप्प्यात ज्या कामांची नावं आली त्यांत प्लंबर होता. दहावी पास नसाल तर पासपोर्टवर ईसीआर (परदेशी नोकरीआधी तपासणी आवश्यक) असा शेरा येतो आणि गल्फसह ठरावीक देशांत नोकरीला जाण्याआधी सरकारची परवानगी काढावी लागते. एजंट सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर नोंदलेला आहे ना ते बघा. त्याला सेवाशुल्क म्हणून ३०,००० रुपये आणि त्यावरचा जीएसटी यापेक्षा जास्त घेता येत नाही.

कॅनडा, ऑस्ट्रेलिया यांचं गणित निराळं. तिथे आपलं सर्टिफिकेट म्हणजे फक्त सुरुवात. कॅनडाच्या ओंटारियो प्रांतात प्लंबर हा सक्तीच्या परवान्याचा व्यवसाय आहे आणि तिथली अप्रेंटिसशिप ९,००० तासांची आहे. इथला अनुभव त्यात धरून घ्यायचा तर कामाचे तास, पगाराच्या नोंदी आणि मालकाची पत्रं दाखवावी लागतात. इथेही पुन्हा प्रश्न ९ मधली फाइलच कामाला येते.

१७. ॲपवरून कामं घेतो. जीएसटी काढावा लागेल का?

वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर नोंदणीची सक्ती नाही. मजुरीबरोबर नळ-पाइप तुम्हीच पुरवत असाल तर मालाची रक्कमही उलाढालीत धरा. नुसत्या मालविक्रीसाठीची ४० लाखांची मर्यादा तुम्हाला लागू होत नाही. प्लंबिंगसारख्या घरगुती सेवा ॲपमार्फत दिल्या आणि तुम्ही नोंदणीच्या मर्यादेखाली असाल, तर कर भरण्याची जबाबदारी ॲपवाल्या कंपनीवर येते.

१८. मुलीला हा ट्रेड घेऊ द्यावा का?

घेऊ द्या. सरकारी आयटीआयमध्ये मुलींसाठी राखीव जागा असतात आणि या ट्रेडला अर्ज करणाऱ्या मुली मोजक्याच असल्याने प्रवेश सहसा अडत नाही. 'जड काम आहे' हा आक्षेप जीआय पाइपच्या काळातला. आज घरातलं बहुतेक काम सीपीव्हीसीचं असतं आणि त्यात चेन पाना फिरवण्यापेक्षा मोजमाप नीट घेणं महत्त्वाचं. दुपारी घरात एकटी बाई असताना प्लंबर मुलगी आली तर गिऱ्हाईकही जास्त निर्धास्त असतं.

१९. प्लंबर ट्रेडनंतर डिप्लोमाला थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो का?

नाही. ती सवलत दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआय ट्रेड केलेल्यांना आहे, प्लंबर एक वर्षाचा आहे. दहावी पास असाल तर स्थापत्य पदविकेला पहिल्या वर्षापासून जाता येतं. शिकवायची आवड असेल तर आयटीआय निदेशक होण्यासाठीचं एक वर्षाचं प्रशिक्षण याच ट्रेडमधून करता येतं. माझ्या बॅचमधला एक जण तिकडे गेला. आता त्याचे विद्यार्थी माझ्याकडे हेल्परीला येतात आणि ढाळ मोजायला पहिल्या दिवशीच लेव्हल ट्यूब मागतात.